थेंबभर रक्ताची साक्ष

रक्त तपासावयास देण्याचा प्रसंग आतां कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबास नवा राहिलेला नाहीं. दंडाला पट्टा आवळला जातो, कोपराच्या खोबणींतील शीर वर येते, सुई शिरते आणि दोन-तीन लहान नळ्या भरून घेतल्या जातात. त्या नळ्यांचीं बुचें निरनिराळ्या रंगांचीं असतात; एकाचें तांबडें, एकाचें जांभळें, एखाद्याचें हिरवें. हे रंग कशासाठीं, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. रक्त तें रक्त. तें कोणत्या नळींत गेलें यानें काय फरक पडणार, असेंच आपण धरून चालतों. परंतु वैद्यकाच्या अलीकडील इतिहासांत असा एक रोग आहे कीं, ज्याच्या शोधाची, चाचणीची आणि निर्मूलनाच्या खटपटीची सारी हकीकत 'कोणतें रक्त, कसें काढलेलें आणि कसें राखलेलें' या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आली आहे. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

हेपॅटायटिस सी हा यकृताचा विकार एका विषाणूमुळें होतो. हा विषाणु रक्तावाटें शरीरांत शिरतो आणि बहुधा कसलाहि गाजावाजा न करतां तेथेंच ठाण मांडतो. शंभरांपैकीं पंधरा ते पंचेचाळीस जणांचें शरीर त्याला सहा महिन्यांच्या आंत आपण होऊन हुसकून लावतें. बाकीच्यांच्या यकृतांत तो वीस-वीस, तीस-तीस वर्षें राहतो. या काळांत मनुष्य संसार करतो, नोकरी करतो, मुलांचीं लग्नें करतो. क्वचित् थकवा येतो, तो वयाच्या माथीं मारला जातो. मग कांहींजणांचें यकृत हळूहळू घट्ट व निबर होत जातें, आणि त्यांतील कांहींना अखेर कर्करोग गांठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं हा विषाणु अंगांत बाळगणारे सुमारें पांच कोटि लोक जगांत होते, आणि त्या एका वर्षांत सुमारें दोन लाख बेचाळीस हजार माणसें त्याला बळी पडलीं. कावीळ म्हटली कीं पिवळे डोळे आपल्या मनांत येतात. पण या काविळींत डोळे पिवळे होतातच असें नाहीं, किंबहुना बहुधा होतच नाहींत. रोग्याला कांहीं वाटत नाहीं, वैद्याला कांहीं दिसत नाहीं. विचारावयाचें तें रक्तालाच.

आतां रक्ताला विचारावयाचें म्हणजे काय, हें आधीं थोडेंसें पाहिलें पाहिजे. रक्त शरीराबाहेर पडलें कीं थोड्याच वेळांत गोठतें, ही गोष्ट भाजी चिरतांना बोट कापून घेतलेल्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नळींत गोठूं दिलेल्या रक्ताची गुठळी खालीं बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतें; त्यास सीरम म्हणतात. उलट, गोठण्यास प्रतिबंध करणारें द्रव्य नळींत अगोदर घालून ठेवलें आणि मग ती यंत्रांत गरगर फिरविली, तर तांबड्या पेशी तळाशीं जाऊन वर जो द्रव राहतो तो प्लाझ्मा. दोन्ही दिसावयास सारखेच. परंतु सीरममध्यें रक्त गोठविणारीं द्रव्यें गुठळीबरोबर खर्चून गेलेलीं असतात. प्लाझ्म्यांत तीं तशींच असतात, आणि शिवाय आपण घातलेलें द्रव्यहि त्यांत असतें. हें बाहेरून घातलेलें द्रव्य पुढें एके ठिकाणीं मोठा घोटाळा करणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

माणसाच्या शरीरांतील द्रव दुसऱ्याच्या शरीरांत गेल्यानें कावीळ होऊं शकते, याचा पहिला स्पष्ट पुरावा जर्मनींतील ब्रेमेन शहरीं मिळाला. १८८३ सालीं तेथील जहाज बांधण्याच्या कारखान्यांतील १,२८९ कामगारांना देवीची लस टोंचण्यांत आली. त्या काळीं लसीचा द्रव कित्येकदां पूर्वीं टोंचलेल्या माणसाच्या फोडांतून घेत असत. येथेंहि तसाच घेतला होता. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यांतील ज्यांना ती लस मिळाली नव्हती, त्यांना कांहीं झालें नाहीं. लुरमान नांवाच्या वैद्यानें ही हकीकत १८८५ सालीं प्रसिद्ध केली. ती वाचून जग जागें व्हावयास हवें होतें. पण जंतूंच्या शोधाचे ते दिवस, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं जें दिसत नाहीं त्याची दाद कोण घेणार? ती नोंद कपाटांत पडून राहिली.

दुसरा फटका फार मोठा बसला. १९४२ सालीं अमेरिकेच्या सैन्याला पीतज्वराची जी लस टोंचण्यांत आली, तींत ती टिकावी म्हणून मनुष्याचें सीरम मिसळलेलें होतें. सुमारें पन्नास हजार शिपाई काविळीनें रुग्णालयांत पडले. शत्रूच्या गोळीनें नव्हे, स्वपक्षाच्या सुईनें झालेली ही हानि! पुढच्याच वर्षीं पॉल बीसन या अमेरिकन वैद्यानें रक्त किंवा प्लाझ्मा दिल्यानंतर एक ते चार महिन्यांनीं कावीळ झालेल्या सात रोग्यांचा वृत्तांत छापला. सैन्यांतील ती सांथ आज आपण ज्यास 'बी' म्हणतों त्या विषाणूची होती, हें चार दशकांनंतर त्या जुन्या शिपायांचें रक्त तपासून निश्चित झालें. म्हणजे ज्या रक्तानें घात केला, त्याचा गुन्हा अखेर रक्तानेंच उघडकीस आणला. ही रीत पुढें पुन्हां पुन्हां दिसेल.

'बी' विषाणूचा माग लागला तो अगदीं अनपेक्षित दिशेनें. बारूख ब्लुम्बर्ग हा संशोधक काविळीच्या मागें नव्हताच. निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांत काय काय भेद असतात, तें पाहण्यासाठीं तो देशोदेशींचें सीरम गोळा करीत असे. ज्यांना अनेक वेळां परक्यांचें रक्त द्यावें लागलें आहे, अशा रोग्यांच्या सीरममध्यें परकीय द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडें तयार झालेलीं असणार, हा त्याचा तर्क. १९६३ सालीं त्याच्या प्रयोगशाळेंत रक्तस्रावाच्या विकारानें पीडलेल्या एका अमेरिकन रोग्याच्या सीरमनें ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या सीरमशीं विक्रिया दाखविली, आणि दोहोंच्या मध्यें एक पुसट रेघ उमटली. तीच 'बी' विषाणूच्या वेष्टनाची खूण ठरली, आणि १९७६ सालीं ब्लुम्बर्गला नोबेल पारितोषिक मिळालें. या शोधांत त्याचा एक तरुण सहकारी होता हार्वे आल्टर. आमच्या कथेचा खरा नायक म्हणावयाचा तर तोच.

आल्टर पुढें बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत काम करूं लागला. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांना त्या काळीं पुष्कळ बाटल्या रक्त द्यावें लागे. १९७० पूर्वीं अशा दर तीन रोग्यांपैकीं जवळजवळ एकाला यकृतदाह होई. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचें रक्त बंद करून स्वेच्छेनें देणाऱ्यांचेंच घ्यावयाचें, असा नियम संस्थेनें केला आणि त्याबरोबरच 'बी'ची चाचणीहि सुरू झाली, तेव्हां हें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास उतरलें. (आपल्या देशांत रक्ताचा हा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निवाड्यानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला, ही गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. मधल्या वर्षांत काय काय झालें असेल, याची कल्पनाच करावी.) पण शेंकडा दहा तरी कां उरावे? हा प्रश्न आल्टरला स्वस्थ बसूं देईना. त्यानें एक साधी गोष्ट केली, आणि ती वर्षानुवर्षें न कंटाळतां केली. प्रत्येक रोग्याचें शस्त्रक्रियेपूर्वींचें आणि नंतरचें रक्त, आणि त्याला ज्यांचें रक्त दिलें त्या दात्यांचेंहि नमुने, तारीख-वार घालून तो गोठवून ठेवीत गेला. त्या वेळीं त्यांत काय पाहावयाचें हें कोणालाच ठाऊक नव्हतें. शास्त्रांतील मोठें काम पुष्कळदां असें असतें: उत्तर सांपडण्यापूर्वीं वीस वर्षें कोणीतरी मुकाट्यानें बरण्या भरीत बसलेला असतो.

१९७३ सालीं 'ए' विषाणु सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडला. आतां उरलेली कावीळ 'ए'चीच असणार, असा सर्वांचा अदमास होता. आल्टरचे नमुने तपासण्यांत आले. त्यांतील एकहि 'ए'चा निघाला नाहीं. 'बी'चा तर नव्हताच. १९७५ सालीं त्या रोगाला नांव देण्यांत आलें तें 'नॉन-ए, नॉन-बी'. आपल्या उपनिषदांतील 'नेति नेति'चाच हा प्रकार! हें नव्हे, तेंहि नव्हे. मग काय, तें सांगतां येत नाहीं. तीन वर्षांनीं अशा रोग्यांचें रक्त चिंपांझींना टोंचून पाहिल्यावर त्यांनाहि यकृतदाह झाला, तेव्हां कांहीं तरी सांसर्गिक वस्तु रक्तांत आहे एवढें सिद्ध झालें. ती वस्तु मात्र कोणाला दिसेना, कोणाला वाढवितां येईना.

येथें नमुन्याचा प्रश्न प्रथमच उग्र स्वरूपांत पुढें आला. माणसाच्या रक्तांत हा विषाणु असला तरी 'बी'च्या मानानें तो फार विरळ असतो. 'बी' विषाणूचें वेष्टन रक्तांत इतकें विपुल तरंगत असतें कीं, त्याच्या नुसत्या स्पर्शानें जेलींत रेघ उमटते; याचें तसें नव्हे. कॅलिफोर्नियांतील कायरॉन कंपनींत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो यांनीं १९८२ पासून या कामास हात घातला होता. अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रांतील डॅनियल ब्रॅडली यानें त्यांना पुरविला चिंपांझीचा प्लाझ्मा. ज्यांत विषाणूचें प्रमाण नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक आहे असा, चांचणी करून निवडलेला. तो अतिवेगानें फिरवून जो गाळ तळाशीं बसला, त्यांतील सारें न्यूक्लिक आम्ल त्यांनीं काढलें, त्याचे तुकडे जंतूंमध्यें घातले आणि त्या जंतूंकडून त्या तुकड्यांच्या सांकेतिक लिपीप्रमाणें प्रथिनें तयार करविलीं. मग या लाखों वसाहतींवर त्यांनीं त्याच रोगानें आजारी असलेल्या एका माणसाचें सीरम फिरविलें. तर्क असा कीं, रोग्याच्या सीरममध्यें शत्रूला ओळखणारीं प्रतिपिंडें असणारच. तीं जेथें चिकटतील तेथें शत्रूचा तुकडा. सुमारें दहा लाख वसाहती तपासल्यावर एक सांपडली. एकाच्या प्लाझ्म्यानें दाखविलेली वाट दुसऱ्याच्या सीरमनें ओळखली, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९८९ च्या एप्रिल महिन्यांत हा शोध 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि 'नेति नेति'ला 'सी' हें नांव मिळालें.

शोध लागला खरा; पण तो खरा कशावरून? येथें आल्टरच्या त्या बरण्या कामास आल्या. त्यानें संकेतांक घातलेल्या नमुन्यांचा एक संच तयार ठेवला होता. कोणता रोग्याचा आणि कोणता निरोग्याचा, हें फक्त त्यालाच ठाऊक; आणि मुद्दाम एकच नमुना दोनदां घालून त्यानें परीक्षा अवघड केलेली. आम्हांस चाचणी सांपडली, असें सांगत येणाऱ्या अनेक प्रयोगशाळा या कसोटीवर नापास झाल्या होत्या. कायरॉनची चाचणी उतरली. २०२० सालीं आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या विषाणूच्या संपूर्ण आर.एन.ए.पासूनच चिंपांझींत यकृतदाह उत्पन्न होतो, हें राइसनें १९९७ सालीं दाखविलें होतें. चू आणि क्वो यांचीं नांवें त्या मानपत्रांत नाहींत. आपल्या या दोन साथींना वगळलें म्हणून हॉटननें २०१३ सालीं कॅनडाचें एक मोठें पारितोषिक नाकारलें होतें, ही गोष्ट त्याच्या शोधाइतकीच आम्हांस लक्षांत ठेवण्यासारखी वाटते.

जुनें रक्त किती बोलकें असतें, याचें याहून नवलाचें उदाहरण वायोमिंगमधील वॉरेन हवाई तळाचें आहे. १९४८ ते १९५४ या काळांत तेथील तरुण शिपायांचें रक्त घशाच्या एका जंतूच्या अभ्यासासाठीं घेऊन गोठवून ठेवलें होतें. पंचेचाळीस वर्षांनीं तें बाहेर काढून तपासलें, तेव्हां साडेआठ हजारांवर नमुन्यांतून सतरांमध्यें 'सी'चीं प्रतिपिंडें सांपडलीं. ज्या विषाणूचें नांवहि कोणाला ठाऊक नव्हतें, त्याची साक्ष त्या पिवळसर पाण्यानें अर्धें शतक जपून ठेविली होती.

पण प्रतिपिंडाच्या साक्षीला एक मर्यादा आहे, आणि तिच्यामुळेंच पुढील सारा खटाटोप उभा राहिला. प्रतिपिंड सांगतें तें एवढेंच कीं, शत्रु एके काळीं घरांत शिरला होता. तो अजून आहे कीं गेला, हें तें सांगत नाहीं. रोग आपोआप बरा झालेल्याच्या आणि औषधानें बरा झालेल्याच्याहि रक्तांत प्रतिपिंडें वर्षानुवर्षें राहतात. शिवाय संसर्गानंतर प्रतिपिंडें दिसूं लागण्यास साधारण दोन-अडीच महिने लागतात, तर विषाणु स्वतः एक-दोन आठवड्यांतच रक्तांत उतरतो. अमेरिकेंत १९९० सालीं दात्यांच्या रक्ताची चाचणी सुरू झाली. आपल्याकडे ती २००१ सालीं सक्तीची झाली. त्या मधल्या अकरा वर्षांत वारंवार रक्त घ्यावें लागणाऱ्या थॅलसेमियाच्या मुलांना आणि रक्तस्रावाच्या रोग्यांना काय सोसावें लागलें, तें त्यांच्या आईबापांस विचारावें.

म्हणून विषाणूचा आर.एन.ए. प्रत्यक्ष पाहणें भाग पडलें. न्यूक्लिक आम्लाच्या एका तुकड्याच्या कोट्यवधि नकला काढण्याची युक्ति कॅरी मलिसला १९८३ सालीं सुचली होती; तिच्या जोरावर विरळ विषाणूहि मोजतां येऊं लागला. आणि येथेंच बुचांच्या रंगांना महत्त्व आलें. प्रतिपिंड मोठें चिवट असतें. उन्हाळ्याच्या दिवसांत टपालानें गेलें तरी फारसें बिघडत नाहीं. आर.एन.ए. नाजूक. रक्त पेशींसकट तसेंच ऊबेंत पडून राहिलें तर तें झिजूं लागतें. म्हणून कांहीं तासांच्या आंत द्रव वेगळा करून थंड ठेवावा लागतो. हिरव्या बुचाच्या नळींत रक्त न गोठूं देणारें हेपॅरिन असतें. १९१६ सालीं बाल्टिमोरमध्यें जे मॅक्लिन या विद्यार्थ्यास सांपडलेलें हें द्रव्य पुढें कुत्र्याच्या यकृतांतून काढण्यांत आलें. म्हणून त्याला यकृताच्या ग्रीक नांवावरून हें नांव मिळालें, आणि हेपॅटायटिस हा शब्दहि त्याच मुळापासून आलेला. विनोद असा कीं, यकृतांतून निघालेलें हेंच द्रव्य यकृताच्या विषाणूची नक्कल काढण्याच्या क्रियेंत अडथळा आणतें! अशा नमुन्यांत विषाणु असूनहि चाचणी 'नाहीं' म्हणूं शकते. म्हणून या कामासाठीं जांभळ्या बुचाची नळी वापरतात, तिच्यांतील ई.डी.टी.ए. हें द्रव्य रक्तांतील चुना बांधून ठेवून गोठणें थांबवितें आणि नक्कलेच्या कामांत लुडबूड करीत नाहीं. तांबड्या बुचांतील सीरमहि चालतें, मात्र तें वेळेवर वेगळें केलें पाहिजे.

एवढें सगळें वाचल्यावर कोणालाहि वाटेल कीं, नमुना घ्यावा तर शिरेंतूनच घ्यावा, जांभळ्या नळींत घ्यावा, आणि जवळ फिरत्या यंत्राची व शीतपेटीची सोय असावी. शुद्ध शास्त्राच्या दृष्टीनें हें खरेंच आहे. अडचण येते ती ज्याचें रक्त घ्यावयाचें त्याच्याकडे पाहिल्यावर. आजच्या काळीं श्रीमंत देशांत हा रोग मुख्यतः फिरतो तो नशेचीं इंजेक्शनें घेणाऱ्यांत, एकच सुई अनेकांनीं वापरल्यामुळें. अशा माणसाच्या दंडांतल्या शिरा वर्षानुवर्षांच्या टोंचण्यानें कडक व निरुपयोगी झालेल्या असतात. कसबी हाताला सुद्धां त्या सांपडत नाहींत. परिचारिका इकडे टोंचून पाहते, तिकडे टोंचून पाहते, आणि तो मनुष्य पुन्हां त्या दाराशीं येत नाहीं. तुरुंगांतला कैदी, डोंगरांतल्या वस्तीवरची बाई, यांची अडचण निराळी; तेथें शीर आहे, पण तें रक्त कांहीं तासांत पोंचविण्यास ना रस्ता ना बर्फ.

यावर तोड निघाली ती एका जुन्या आणि अत्यंत साध्या वस्तूनें: टिपकागदानें. १९१३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें ईवार बांग या शास्त्रज्ञानें टिपकागदावर टिपलेल्या रक्ताच्या थेंबांतील साखर मोजून दाखविली होती. पण या कल्पनेला जगभर नेलें तें रॉबर्ट गथ्री यानें. न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो येथें काम करणाऱ्या या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाचा एक मुलगा मतिमंद होता, आणि त्याच्या एका भाचीचा मेंदू फेनिलकीटोन्यूरिया नांवाच्या जन्मजात विकारानें कायमचा दुबळा झाला होता. वेळींच आहार बदलला असता तर ती शहाणी राहिली असती. परंतु रोग कळला तेव्हां उशीर झाला होता. गथ्रीनें नवजात बालकाच्या टांचेला टोंचून निघालेला थेंब जाड कागदावरील वर्तुळांत टिपावयाचा, वाळवावयाचा आणि पाकिटांत घालून टपालानें प्रयोगशाळेंत धाडावयाचा, अशी पद्धति बसवून १९६३ सालीं ती प्रसिद्ध केली. तेव्हांपासून किती बालकें त्या कागदानें वांचविलीं याची गणती नाहीं. घरांतल्या दुःखांतून निघालेलें हें शास्त्र आहे.

हाच कागद 'सी'च्या कामीं लावतां येईल काय, याचे प्रयोग १९९० नंतरच्या दशकापासून सुरू झाले, आणि मग दोन नमुन्यांची रीतसर तुलना होऊं लागली. एकाच माणसाच्या शिरेंतलें रक्त आणि बोटाच्या टोंकाचा वाळलेला थेंब शेजारी ठेवून दोघांचीं उत्तरें ताडून पाहावयाचीं. कागदावरील एका वर्तुळांत सुमारें पन्नास मायक्रोलिटर रक्त मावतें, म्हणजे एक मिलिलिटरचा विसावा भाग. त्यांतलाहि निम्मा पेशींचा. तो द्रवांत भिजवून पुन्हां सोडविल्यावर विरळ होतो तो वेगळाच. मग ही साक्ष कितपत खरी निघावी? प्रतिपिंडांच्या बाबतींत ती चांगलीच खरी निघाली. आर.एन.ए.च्या बाबतींत अनेक देशांतील अशा तुलना एकत्र करून २०१७ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत वाळलेल्या थेंबानें विषाणु असलेल्या शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांना ओळखलें, आणि नसलेल्या शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णवांना सोडून दिलें. याचें एक कारण असें कीं, 'सी' विषाणु उपचार न झालेल्या रोग्याच्या रक्तांत बहुधा लाखांच्या घरांत असतो. तेव्हां थेंब लहान असला तरी त्यांत तो पकडला जातो. दुसरें असें कीं, तो मुख्यतः द्रवांतच असतो, पेशींत दडून मोजमापांत घोटाळा करीत नाहीं, एच.आय.व्ही.च्या बाबतींत हा घोटाळा होतो.

तरीहि जें उणें आहे तें झांकतां कामा नये. शिरेंतील प्लाझ्म्यांत एका मिलिलिटरला पंधरा एककें इतका अल्प विषाणूहि आजच्या यंत्रांना सांपडतो. कागदावर ती मर्यादा शेंकड्यांनीं किंवा हजारांनीं मोजावी लागते. ज्याच्या रक्तांत विषाणु नुकताच ओसरत चालला आहे, किंवा औषधानंतर ज्याची बाकी काढावयाची आहे, त्याच्याविषयीं थेंबाच्या 'नाहीं'वर विसंबणें धोक्याचें. दमट हवेंत नीट न वाळविलेल्या कागदावरील आर.एन.ए. बिघडतेंहि. वर्तुळ अर्धवट भरलें, दोन थेंब एकावर एक पडले, कीं हिशेब चुकला. हे दोष खरे आहेत. परंतु तुलना करतांना आपण कोणाशीं करतों, याचा विचार सुटतो असें आम्हांस वाटतें. प्रयोगशाळेंतील तक्त्यावर थेंबाची तुलना शिरेंतल्या रक्ताशीं होते. गल्लींतल्या मनुष्याच्या बाबतींत ती न घेतलेल्या रक्ताशीं व्हावयास पाहिजे. शंभरांत दोन चुकविणारा कागद एकीकडे, आणि शंभरच्या शंभर चुकविणारी रिकामी जांभळी नळी दुसरीकडे. स्कॉटलंड व वेल्समध्यें २००९ च्या सुमारास नशामुक्तीच्या केंद्रांतून हे कागद वापरूं लागले, तेव्हां शिरा हरवलेले लोकहि बोट पुढें करूं लागले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ च्या मार्गदर्शनांत, जेथें शिरेंतलें रक्त घेण्याची वा नेण्याची सोय नाहीं तेथें हा मार्ग मोकळा केला.

बोटाच्या थेंबाचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र मिसर देशांत झाला, आणि त्याची पार्श्वभूमि विलक्षण आहे. नाईलच्या कालव्यांतून होणाऱ्या बिलहार्झिया या कृमिरोगाचें निर्मूलन करण्यासाठीं तेथील सरकारनें १९५० नंतर तीन दशकें गांवोगांवीं शिरेंतून अँटिमनीचीं इंजेक्शनें दिलीं. एकेका माणसास बारा ते सोळा. सुया नीट उकळल्या जात नव्हत्या. हेतु निर्मळ, काम अफाट, आणि फळ असें कीं, २००८ सालच्या पाहणींत पंधरा ते एकोणसाठ वर्षांच्या लोकांपैकीं शेंकडा सुमारें पंधरांच्या रक्तांत 'सी'चीं प्रतिपिंडें आढळलीं. त्याच देशानें ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारें पांच कोटि लोकांचें बोट टोंचलें. थेंब एका पट्टीवर टाकावयाचा, कांहीं मिनिटांत रेघ उमटते कीं नाहीं तें पाहावयाचें. रेघ उमटली तरच शिरेंतून रक्त घेऊन आर.एन.ए. तपासावयाचा. सुमारें बावीस लाखांच्या पट्टीवर रेघ उमटली. २०१३ च्या अखेरीस बाजारांत आलेल्या सोफोसबुविर या गोळीमुळें आणि तिच्या भावंडांमुळें बारा आठवड्यांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. मिसरमध्यें तीं औषधें देशांतच स्वस्त तयार होत होतीं. ज्या देशांत सुईनें रोग पसरविला, त्याच देशांत सुईच्या टोंकानें तो शोधून काढला गेला.

मिसरच्या या पद्धतींतहि एक फट राहिलीच: पट्टीवरची रेघ आणि शिरेंतलें रक्त यांच्या मधली. आज या, मग रक्तासाठीं या, मग निकालासाठीं या. प्रत्येक 'या'ला कांहींजण गळतात. मजुरी बुडते, बसचें भाडें लागतें, आणि अंगांत कांहीं दुखत नसतां तिसऱ्यांदा कोण येणार? म्हणून अलीकडे बोटाच्याच शंभर मायक्रोलिटर रक्तांतून आर.एन.ए. मोजून साधारण तासाभरांत उत्तर देणारें लहान यंत्र निघालें आहे. युरोपांत त्यास २०१८ सालीं मान्यता मिळाली, अमेरिकेंत जून २०२४ मध्यें. मनुष्य बांकावर बसून चहा घेतो तोंच त्याचा निकाल हातीं येतो. आपल्या सरकारनेंहि २८ जुलै २०१८ रोजीं, म्हणजे ब्लुम्बर्गच्या जन्मदिवशीं, यकृतदाहाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य ठेविलीं. परंतु त्या लहान यंत्रालाहि वीज लागते, महागडीं काडतुसें लागतात, आणि बिघडल्यास शहरांतून माणूस आणावा लागतो. टिपकागदाला लागते ती सावलींतली कोरडी जागा, दोन-चार तासांचा अवधि, ओल शोषणाऱ्या दाण्यांची एक पुडी आणि पत्ता लिहिलेलें पाकीट.